आबांचे दोन रुपये

मुलीच्या साखरपुड्याला जेवणं आटोपली, तिच्या होणाऱ्या सासरची मंडळी हॉलमध्ये खुर्च्या गोल करून बसली, आणि तिनं तो किस्सा काढला.

"हमारे आबा ने ना, दो रुपये के चक्कर में पूरा फ्लॅट गँवा दिया था."

तिला मराठी सगळं समजतं, पण तोंडातून हिंदीच निघते. रायपुरात वाढलेल्या आमच्या बहुतेक पोरांचं तसंच आहे. आबा म्हणजे माझे वडील, आता नाहीत. तिनं त्यांची नक्कल केली. चष्मा कपाळावर, चेकबुक नाकाशी, आणि तेवढ्यापुरती वऱ्हाडी: "पुरे नको देऊ रे, दोन रुपये बाकी ठेव. बँकेले वाटलं पायजे, हे लोक परत येतीन म्हणून."

विहीणबाईंना हसू आवरेना. व्याही म्हणाले, "वाह, बैंक से भी रिश्तेदारी!" मीही हसलो. हा किस्सा आमच्या घरी इतक्या वेळा सांगून झाला आहे की कुठं हसायचं ते मला पाठ आहे.

किस्सा खोटा आहे. दोन रुपये खरे, फ्लॅट गेला तेही खरं. पण दोन रुपयांमुळे फ्लॅट गेला, हे खोटं मी रचलं. वडील ते खरं मानून गेले.

वडील रेल्वेत मालबाबू होते, मालगाड्यांचा हिशेब लिहिणारे. नागपूरकडून बदलीवर रायपूरला आले आणि इथलेच झाले. आम्ही लहान असताना घरातलं सगळं कापड पंडरीच्या कापडबाजारातल्या एका दुकानातून उधारीवर यायचं. शाळेचे गणवेश, आईच्या साड्या, पाहुण्यांची धोतरं. दिवाळीच्या आधी वडील उधारी फेडायला जात, कधी कधी मला सायकलवर पुढं बसवून. शेटजी नोटा मोजून गल्ल्यात टाकत आणि त्यातला एक रुपया काढून वडिलांच्या हातावर परत ठेवत.

"खाता पूरा मत काटो बाबूजी. एक रुपया रहने दो. आना-जाना बना रहेगा."

वडिलांना ही गोष्ट फार आवडली. इतकी, की ती त्यांनी आपलीच करून टाकली. दूधवाल्याकडे रुपया बाकी, पिठाच्या गिरणीवर रुपया बाकी, सदर बाजारातल्या ज्या सोनाराकडून आईचं मंगळसूत्र केलं त्याच्याकडेसुद्धा रुपया बाकी. आई चिडायची, "लोकं कर्ज फेडतेत, हे जपून ठेवतेत." वडील म्हणायचे, "सगळा हिशेब कोणासंग मिटवतेत? ज्याचं तोंड पाहाचं नाही त्याच्यासंग."

मग राज्य वेगळं झालं आणि रायपूर राजधानी झालं. भाडी वाढली, रस्त्यांवर पाट्या वाढल्या, काचेच्या दारांच्या बँका आल्या. मी उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये डिस्पॅचला होतो. लोखंडाच्या धुळीतून ट्रक मोजून बाहेर काढायचे, हे काम. तिथं टाय लावलेली पोरं फॉर्म घेऊन यायची. "सर, कार्ड है, लाइफटाइम फ्री." सगळ्यांनी घेतलं, मीही घेतलं. त्यावर किराणा, मुलीच्या शाळेचे बूट, एकदा कूलर.

बिलाचा चेक बँकेतल्या पेटीत टाकायचा असे. माझी ड्युटी संपेपर्यंत बँक बंद झालेली. वडील रिटायर, सायकल तयार. "दे इकडे, मी टाकून येतो." मी सही करून देत असे, रक्कम ते भरत. अक्षर मालबाबूचं, एकही आकडा वाकडा नाही की खोडलेला नाही.

आणि दर महिन्याला ते दोन रुपये कमी लिहीत.

मला बिलातलं व्याज दिसलं तेव्हा मी बँकेचीच चूक धरून फोन केला. पलीकडची मुलगी गोड बोलणारी होती.

"सर, आपने पूरा पेमेंट नहीं किया. दो रुपये कम हैं."

"दो रुपये पर इतना ब्याज?"

"दो रुपये पर नहीं सर. पूरा नहीं भरा तो सारी खरीदी पर लगता है, खरीदी की तारीख से." मग जरा थांबून, "सर, बुरा मत मानिए, हर महीने दो ही रुपये कम क्यों भरते हैं?"

संध्याकाळी मी वडिलांना विचारलं. ते अंगणात सायकलला तेल देत होते.

"हव, ठेवले ना," ते म्हणाले. "एक ठेवणार होतो. मंग म्हटलं एवढी मोठी बँक, तिले एक रुपया शोभत नाही."

माझी बायको स्वयंपाकघरातून हसायला लागली, आई हसली, मीही हसलो. तेव्हाचं हसणं खरं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला, बँकेनं बरंचसं व्याज सोडलं. त्या मुलीनं फोन ठेवता ठेवता सांगितलं, "चिंता मत कीजिए सर, मिनिमम हर बार टाइम पर गया है. रिकॉर्ड साफ है." वडिलांनी पुढच्या महिन्यापासून पूर्ण रक्कम लिहिली. थोडे नाराज होते. "अजब दुकान आहे. बाकी ठेवली तं ओळख नाही धरत, उलट दंड लावते." गोष्ट तिथं संपली होती.

आता जे कोणालाच सांगितलं नाही ते.

माझ्याकडे आणखी एक कार्ड होतं. त्याचं बिल घरी येत नसे, मिलच्या पत्त्यावर येई. त्या दिवसांत जो तो जमिनीबद्दल बोलायचा. नवी राजधानी शेतांमध्ये वसणार, आज घेतलेला प्लॉट उद्या सोनं. मिलमध्ये येणाऱ्या एका दलालानं मला मोटरसायकलवर बसवून एक शेत दाखवलं. धान कापून झालेलं, बांधावर एक बाभूळ. "भैया, यहाँ से सीधी सड़क निकलेगी." मी त्या कार्डावर एटीएममधून रोख काढली, एकदा नाही, बऱ्याचदा, आणि बयाना म्हणून त्याला दिली. घरी बोललो नाही. मोठं काहीतरी झाल्यावर एकदम सांगायचं होतं. ते शेत त्यानं आणखी कोणाकोणाला दाखवलं होतं कोण जाणे. त्याचा फोन बंद झाला. कार्डाचं बिल वाढत गेलं. आधी मी मिनिमम भरत होतो, मग तेही भरणं होईना. पाकिटं येत, मी ती न फोडता ड्रॉवरमध्ये सरकवत असे.

त्याच काळात बायकोनं फ्लॅट पाहिला. दोन खोल्या, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी. भाड्याच्या घरात आमची नळावरून रोजची भांडणं, त्यामुळे तिचा जीव त्या खिडकीत अडकला होता. मुलीनं आपला कोपरा ठरवला. वडिलांनी जिना चढून-उतरून पाहिला आणि गुडघ्यांना चालेल म्हणाले. कर्जाचा अर्ज मी दिला. पुढं काय होणार याची मला भीती होती. पण सगळे इतके पुढं गेले होते की थांबा म्हणायला तोंड उघडेना.

बँकेच्या अधिकाऱ्यानं मला बोलावून स्क्रीन माझ्याकडे वळवली. "ये वाला कार्ड देखिए. महीनों से कुछ नहीं भरा आपने. ऐसे में लोन नहीं होगा."

मी विचारलं, "और दूसरा कार्ड? उसमें दो-दो रुपये की कुछ बाकी थी."

"वो तो ठीक है. उसमें कुछ भी नहीं है."

मी हे का विचारलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. काळजी म्हणून नव्हे. खुर्चीवरून उठायच्या आधीच मी आडोसा शोधत होतो.

घरी सगळे वाट पाहत होते. वडील पलंगावर, मांडीवर मुलगी. बायकोनं पाण्याचा ग्लास दिला आणि विचारलं, "काय झालं?"

"नाही झालं."

"काहून?"

मी पाणी प्यायलो. मग म्हणालो, "कार्डाचं रेकॉर्ड खराब आहे म्हणतात. दर महिन्याला बाकी राहिलेली दिसते."

मी वडिलांचं नाव घेतलं नाही. घ्यावं लागलं नाही. बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं, आईनं पाहिलं. आणि मी ग्लासाकडे पाहत राहिलो.

वडील म्हणाले, "दोन रुपयांनं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"अरे, पण ते तं माफ झालं होतं ना?"

"बँकेत माफ होत नसतं, बाबा," मी म्हणालो. "लिहून राहते."

मुलगी त्यांच्या मांडीवरून उतरली नव्हती. त्यांनीच तिला उचलून बाजूला बसवलं, चपला घातल्या आणि बाहेर जाऊन सायकलीजवळ उभे राहिले. कुठं गेले नाहीत. नुसते उभे राहिले.

मी स्वतःला सांगितलं, थोड्या दिवसांनी सांगू. आधी ते दुसरं कार्ड फेडू, मग सांगू. माणूस अशा वेळी स्वतःला फार समजूतदारपणे समजावतो.

काही दिवसांनी वडील मला म्हणाले, "रविवारी मले पंडरीले घेऊन चालतं का? सायकलनं आता होत नाही." स्कूटरवर नेलं. शेटजी म्हातारे झाले होते, गल्ल्यावर मुलगा बसत होता, पण तक्क्याला टेकून ते तिथंच होते. वडिलांना पाहून सरकून बसले. "आइए बाबूजी, क्या दिखाऊँ?" वडिलांनी खिशातून एक रुपया काढला आणि गादीवर ठेवला.

"खाता काट दो शेटजी."

शेटजी हसले. "क्या बाबूजी, एक रुपया तो रहने दो."

"नहीं. पूरा काट दो."

शेटजींचं हसू गेलं. ते जरा पुढं सरकले. "नाराज हो क्या भैया? कुछ गलती हुई हमसे?"

वडील म्हणाले, "गलती मेरी है. मेरे लड़के का घर चला गया इसमें."

शेटजींना काही समजलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुकानाच्या दारात उभा होतो, स्कूटरची चावी हातात. एक वाक्य पुरलं असतं. शेटजींसमोर नाही तर पायऱ्या उतरल्यावर, तिथं नाही तर स्कूटरवर, वाऱ्यात, त्यांच्याकडे पाठ असताना बोलता आलं असतं. येताना वडिलांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. मला वाटत होतं की त्यांनी तो काढावा.

दूधवाल्याचा रुपया दिला, गिरणीचा दिला, सोनाराचा दिला. जिथं जिथं त्यांचं येणंजाणं होतं तिथं तिथं जाऊन ते मिटवून आले. मग घरातच बसायला लागले.

बँकेत मात्र जात. हे मला बिलावरून कळलं. त्या पहिल्या कार्डावर मी आता काही घेत नव्हतो, तरी बिल यायचं आणि त्यात आमच्याच नावे जमा दिसायची. आधी दहा रुपये, मग आणखी दहा, मग वीस. वडील पेन्शन काढायला गेले की जुनं बिल घेऊन कार्डाच्या काउंटरवर उभे राहत आणि रोख भरत. एकदा मी विचारलं.

"काउंटरवरची पोरगी म्हणते, बाबूजी, आपका कुछ बाकी नहीं, उल्टा बैंक के पास आपका जमा है. चांगली पोरगी आहे. मनाले लागू नये म्हणून म्हणते." मग हळूच, "किती भरले म्हणजे ते रेकॉर्ड धुऊन निघते रे? तू विचारून पाह्यशीन?"

मी म्हणालो, "पाहतो."

ते भाड्याच्या घरातच गेले. आजार मोठा नव्हता, पण उठले नाहीत. शेवटच्या दिवसांत मी पाय दाबत असताना म्हणाले, "घराचं तेवढं माझ्यानं राहून गेलं." मी म्हणालो, "असं काही नाही, बाबा." हे खरं होतं, आणि ज्या आवाजात मी ते म्हटलं त्या आवाजात कोणीही खोटंच सांगतं. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. माफ करून टाकल्यासारखं मी बोललो असेन, आणि त्यांनी ती माफी घेतली. हे मला सगळ्यात जास्त सलतं.

पुढं प्रॉव्हिडंट फंडातून आणि ओव्हरटाइममधून ते दुसरं कार्ड मी फेडलं. काही वर्षांनी गावाबाहेर, दूर, एक छोटं घर घेतलं. त्याच्या स्वयंपाकघराला खिडकी उत्तरेची आहे. दुःख जुनं झालं तशी त्या दोन रुपयांची गोष्ट झाली. आधी आई कुरकुरत सांगायची, मग बायको हसत, मग मुलगी नक्कल करत. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. प्रेमानंच सांगत. त्यांच्या गोष्टीतले वडील गोड, भोळे, आणि दोषी.

साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मांडववाल्याची भांडी परत न्यायला माणूस आला होता. तो मोजून घेऊन गेला. आई दिवाणावर पान लावत होती, बायको उरलेले लाडू डब्यात भरत होती, मुलगी फोनवर फोटो पाहत होती. मुलगी म्हणाली, "पापा, मम्मीजी का मेसेज आया. बोल रही हैं, आबा वाला किस्सा शादी में फिर से सुनाना, सबके सामने."

मी म्हणालो, "तो किस्सा खोटा आहे."

"मतलब?"

मी सांगितलं. दलाल, शेत, दुसरं कार्ड, स्क्रीन, पाण्याचा ग्लास. सांगायला वाटलं होतं त्यापेक्षा फार कमी वेळ लागला. इतकी वर्षं जे उचलून फिरलो ते इतक्या थोड्या वाक्यांचं होतं.

मुलीनं फोन उलटा करून ठेवला.

बायको लाडू भरायची थांबली होती. तिच्याकडून मी रागाची अपेक्षा केली होती, खिडकीवरून, पैशांवरून, त्या दलालावरून. ती म्हणाली, "मी तेव्हापासून त्यांच्या हाती पैसे देणं बंद केलं होतं."

मला आठवेना.

"भाजी आणायला ते जात होते. त्या दिवसानंतर मी कधी पाठवलं नाही. एकदा पिशवी घेऊन उभे होते, म्हणाले, दे ना, आणतो. मी म्हटलं राहू द्या, तुम्ही हिशेबात घोळ करता." तिनं डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. "तुम्ही तिथंच बसून होते. पेपर वाचत."

मी आजवर समजत होतो की ओझं माझं एकट्याचं आहे. माझ्या एका वाक्यानं तिच्याकडून जे करवून घेतलं, त्याचा मला पत्ताच नव्हता. आता तिला ते आयुष्यभर पुरणार, आणि तिची त्यात काहीच चूक नाही.

आईनं पान तोंडात घातलं नाही. हातातच धरून बसली होती. मग म्हणाली, "ते बँकेत भरून राहिले होते, ते पैसे कुठी आहेत?"

"तिथंच असतील. मी कधी काढले नाहीत. बँकेचं पत्र आलं होतं, जमा आहे, घेऊन जा म्हणून."

"काहून नाही आणले?"

"हिंमत नाही झाली."

"आण," आई म्हणाली. "त्यांचे आहेत. त्यांच्याकडं कोणाचं काही देणं नव्हतं."

सोमवारी मी गेलो. बँकेचं नाव बदललं होतं, काच तीच होती. काउंटरवरच्या मुलीनं जुनं बिल उलटसुलट करून पाहिलं, नंबर टाकला, पुन्हा टाकला, आत जाऊन कोणाला तरी विचारून आली.

"अंकल, ये कार्ड तो सिस्टम में है ही नहीं. बहुत पहले बंद हो गया होगा."

"उसमें थोड़े पैसे जमा थे."

"कितने?"

मी रक्कम सांगितली. ती हसली नाही, पण माझ्याकडे अशी पाहू लागली, जणू या वयाच्या माणसाला ऊन लागलं असावं. "अंकल, इतने के लिए आप अर्जी देंगे? दे दीजिए, पर मिलेगा नहीं."

मी अर्ज दिला. बाहेर पायऱ्यांवर आल्यावर पाकीट काढलं. दहाच्या नोटा होत्या. अगदी जुन्या, मऊ पडलेल्याही दोन होत्या. तेवढी रक्कम वेगळी काढून कागदात गुंडाळली तर आईला कळणार नव्हतं. म्हातारीचं मन शांत होईल, कोणाचं नुकसान नाही. मी नोटा वेगळ्या काढल्या. मोजल्या. मग लक्षात आलं की मी पुन्हा तेच करतो आहे, तितक्याच समजूतदारपणे.

नोटा परत पाकिटात ठेवल्या.

घरी आई दारातच बसली होती.

"नाही मिळाले, आई. खातं कधीच बंद झालं म्हणतात. अर्ज दिला, पण मिळणार नाहीत."

तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, लहानपणी शाळेतून उशिरा आल्यावर पाहायची तसं.

"खरं सांगून राहिला?"

"हव."

"बरं," ती म्हणाली, आणि मला आत जायला वाट देण्यासाठी पाय बाजूला घेतले.